मौना लोआवरचा हवेचा तक्ता



अंगणवाडीत बाळाचे वजन एकदाच करून फारसे काही कळत नाही. दर महिन्याला वजन करायचे, तक्त्यावर ठिपका द्यायचा. पाच-सहा ठिपके जोडले की रेघ कुठे चालली आहे ते आईलाही दिसते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा असाच एक तक्ता १९५८ पासून ठेवला जात आहे. हवामान बदलाविषयी आपण हल्ली जे ऐकतो, त्याला या तक्त्याचा मोठा आधार आहे.

हा वायू हवेत अगदी थोडा असतो. वीस किलो तांदळात साधारण दहा लाख दाणे धरले, तर त्यातले तीन-चारशे दाणे, एवढाच. पण जमिनीवरून वर जाणारी उष्णता तो अडवतो, म्हणून या थोड्याशा दाण्यांची वाढही महत्त्वाची. कोळसा आणि तेल जाळल्याने तो वाढत असावा, ही शंका जुनी होती. मात्र मोजमापे एकमेकांशी जुळत नसत, आणि जास्तीचा वायू समुद्र शोषून घेईल असे अनेकांना वाटे.

चार्ल्स डेव्हिड कीलिंग या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञांनी आधी काट्याकडेच लक्ष दिले. मोजण्याचे उपकरण त्यांनी स्वतः बनवले. मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावर, सुमारे ३४०० मीटर उंचीवर, सतत नोंद सुरू झाली. आसपास गाव नाही, शेत नाही, नुसता काळा खडक. आता कोणी विचारील, हा तर ज्वालामुखी, त्याच्या पोटातूनही हा वायू निघत असेल ना? निघतो. काही रात्री वरून खाली वारा उतरला की आकडा एकदम उडी घेतो, आणि त्या वेळच्या नोंदी बाजूला काढल्या जातात. उपकरणही ठाऊक प्रमाणाच्या वायूशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिले जाते. फ्लास्कमध्ये हवेचा नमुना भरणारा माणूस तर वाऱ्याकडे तोंड करून श्वास रोखून धरतो, कारण आपल्या उच्छ्वासात हा वायू बाहेरच्या हवेच्या सुमारे शंभर पट असतो. मला या साऱ्या कथेत हा श्वास रोखणारा माणूस सर्वांत जवळचा वाटतो.

पहिला आकडा दहा लाखांत ३१३. मेपर्यंत तो चढला, मग उतरू लागला. उत्तर गोलार्धातली झाडे पालवली की हा वायू ओढून घेतात, पाने गळून कुजली की परत सोडतात. पण पुढच्या वर्षीचा मे आदल्या मेपेक्षा वर होता, त्याच्या पुढचा आणखी वर. समुद्र सगळे शोषून घेत नव्हता.

एवढे हाती आल्यावर तरी पैसा मिळावा! पण १९६४ मध्ये निधी कापला गेला आणि वसंतात काही महिने नोंदच थांबली. ती फट आजही तक्त्यात दिसते. मोजून झाले, आता पुन्हा तेच कशाला, हा प्रश्न कीलिंग यांना आयुष्यभर ऐकावा लागला. ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांवर काम करणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल. २००५ मध्ये ते वारले. त्यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग हे काम पुढे चालवत आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआचा उद्रेक झाला, लाव्ह्याने रस्ता आणि वीज तोडली, तेव्हा शेजारच्या मौना केआ पर्वतावरून मोजणी चालू ठेवली.

आता जगात अशी अनेक ठिकाणे आहेत, दक्षिण ध्रुवावरसुद्धा. आपल्या गोव्यात काबो द रामाच्या कड्यावर १९९३ पासून काही वर्षे हवेचे नमुने भरून तपासणीसाठी ऑस्ट्रेलियाला पाठवले जात. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो, हिवाळ्यात देशाच्या आतून, आणि हा फरक आकड्यांतही उमटे.

ध्रुवाकडच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळते की, कारखाने येण्यापूर्वी हे प्रमाण सुमारे २८० होते. मे २०१३ मध्ये मौना लोआवर एका दिवसाची सरासरी प्रथमच ४०० च्या वर गेली. मे २०२५ मध्ये महिन्याची सरासरी ४३० च्या वर होती. त्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पीय प्रस्तावात या वेधशाळेचा निधी बंद करण्याची सूचना आली.