मणक्यांच्या जोडणीनंतर पुन्हा दुखणे : लहान छेदाच्या शस्त्रक्रियेविषयी माहिती

पूर्वी मणक्यांची जोडणी, म्हणजेच फ्यूजन, झालेल्या रुग्णाची कंबर किंवा पाय काही वर्षांनी पुन्हा दुखू लागल्यास पहिली शस्त्रक्रिया फसली, असा समज करून घेऊ नये. जोडलेले मणके हलत नाहीत. त्यामुळे वाकण्या-वळण्याचा ताण वरच्या व खालच्या मणक्यांवर पडतो. तेथील गादी झिजून नस दाबली जाऊ शकते. मानेच्या जोडणीविषयी अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी नवी तक्रार दरवर्षी सुमारे २.९ टक्के रुग्णांत आढळली. स्क्रू सैल होणे, हाड न जुळणे किंवा जंतुसंसर्ग हीही कारणे असू शकतात.

ही शस्त्रक्रिया कशी होते?
सुमारे २ सेंटीमीटरच्या छेदातून नळी घालून दुर्बिणीच्या साहाय्याने दाबलेली नस मोकळी केली जाते. स्नायू कापण्याऐवजी बाजूला सारले जातात. त्यामुळे रक्तस्राव कमी होतो. जुन्या शस्त्रक्रियेच्या जागी व्रण नसांच्या आवरणाला चिकटलेला असतो व ते आवरण फाटण्याचा धोका असतो. बाजूच्या नव्या मार्गाने गेल्यास तो भाग बऱ्याच वेळा टाळता येतो. मात्र जुने स्क्रू बदलावयाचे असल्यास किंवा कण्याचा बाक सुधारावयाचा असल्यास मोठा छेद आवश्यक ठरू शकतो.

निर्णयापूर्वी
• तातडीची लक्षणे नसल्यास प्रथम औषधे व व्यायामोपचार घ्यावेत.
• जुने डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे व बसविलेल्या स्क्रूंची नोंद सोबत न्यावी. धातूमुळे एमआरआयचे चित्र अस्पष्ट आल्यास सीटी स्कॅन करावा लागतो.
• तंबाखू व धूम्रपान बंद करावे. त्यामुळे हाड जुळण्यास अडथळा येतो.
• रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास डॉक्टरांना सांगावे. ती परस्पर बंद करू नयेत.

विलंब करू नये
लघवी अडणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरता येणे किंवा पायातील शक्ती कमी होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. आपत्कालीन क्रमांक ११२.

कोठे जावे?
द्वारका येथील रहिवाशांना प्राथमिक तपासणीसाठी सेक्टर ९ मधील इंदिरा गांधी रुग्णालय जवळचे आहे. तज्ज्ञांच्या सल्ल्यासाठी सफदरजंग रुग्णालय, एम्स किंवा वसंत कुंज येथील इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर येथे जाता येईल. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना उत्पन्नाची अट नाही. आपला उपचार योजनेत बसतो का, याची रुग्णालयात आधी खात्री करावी.