ई-दुचाकीचे आयुष्य आणि देखभाल

विजेवर चालणारी दुचाकी किती वर्षे टिकते, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही, कारण तिचे निरनिराळे भाग निरनिराळ्या गतीने जुने होतात. टायर आणि ब्रेक-पॅड यांची झीज धावण्यावर अवलंबून असते, मोटरमध्ये झिजणारे भाग मोजकेच असतात आणि गाडीच्या किमतीचा मोठा वाटा जिच्यात अडकलेला असतो ती बॅटरी मात्र गाडी उभी असतानाही हळूहळू क्षीण होत जाते. ऑइल, प्लग आणि कार्ब्युरेटर यांच्याभोवती फिरणारी देखभाल येथे उरत नाही; तिची जागा बॅटरी कशी भरली, किती उतरू दिली आणि किती तापू दिली, या गोष्टी घेतात.

४८ व्होल्टचा म्हणून ओळखला जाणारा लिथियम-आयन बॅटरी पॅक उघडला असता आत नळकांड्यांसारख्या सेलच्या ओळी दिसतात. यांपैकी १८६५० या प्रकारच्या सेलचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर असते. काही सेल समांतर जोडून एक गट तयार करतात आणि असे सामान्यतः १३ गट एकापुढे एक जोडतात. पूर्ण भरलेल्या गटाचा व्होल्टेज ४.२ असल्याने भरलेल्या पॅकवर ५४.६ व्होल्ट मिळतात. सेल निकेलच्या पातळ पट्ट्यांनी स्पॉट वेल्डिंग करून, म्हणजे क्षणभरच मोठा विद्युतप्रवाह सोडून, जोडलेले असतात, कारण सोल्डरिंगची रेंगाळणारी उष्णता सेलला अपाय करते. पॅकच्या एका बाजूला बीएमएस नावाचे सर्किट असते. ते प्रत्येक गटाचा व्होल्टेज स्वतंत्रपणे तपासते आणि मर्यादा ओलांडली जाताच प्रवाह तोडते.

‘रेंज पडली’ म्हणून दुरुस्तीला आलेल्या पॅकची तपासणी या रचनेमुळेच गटागटाने करावी लागते. मल्टिमीटरची टोके एकेका गटावर टेकवत गेल्यास बहुतेक गट जवळपास सारखा आकडा दाखवतात आणि एखादाच गट मागे पडलेला आढळतो. त्या गटाची क्षमता घटलेली असेल, तर गाडी चालताना तो सर्वांआधी रिकामा होतो आणि इतर गटांत वीज शिल्लक असतानाही बीएमएस संपूर्ण पॅक बंद करते. चार्जिंगच्या वेळी तोच सर्वांआधी भरतो आणि इतरांचे भरणे अर्ध्यावर थांबवतो. पॅकची उपयुक्त क्षमता अशा रीतीने सर्वांत दुबळ्या गटाएवढीच उरते. गटांमधील किरकोळ तफावत बीएमएस स्वतः दूर करते, पण अनेक पॅकमध्ये हे काम चार्जिंगच्या अखेरच्या टप्प्यातच आणि अगदी मंद गतीने होत असल्याने, रोज ८० टक्क्यांवर चार्जर काढणाऱ्यानेही अधूनमधून बॅटरी पूर्ण भरू देणे इष्ट ठरते.

सेलची झीज दोन वाटांनी होते. पहिली वाट चक्रांची आहे: शंभर टक्के क्षमतेइतकी वीज वापरली गेली की एक चक्र पूर्ण होते, मग ती एका दमात वापरलेली असो की दोन वेळा निम्मी-निम्मी. एका चार्जिंगमध्ये ८० किलोमीटर जाणाऱ्या गाडीची बॅटरी ८०० चक्रे टिकेल असे मानल्यास हिशेब ६४,००० किलोमीटरचा होतो आणि रोज ३० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला तो सहा वर्षांच्या आसपास पुरतो. दुसरी वाट काळाची आहे: सेलमधील ऋण विद्युताग्रावर एक सूक्ष्म थर सतत जाड होत जातो आणि त्यात उपयोगी लिथियम कायमचे अडकते. पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि उष्णतेत ही क्रिया वेग घेते, त्यामुळे कागदावरचा हिशेब प्रत्यक्षात आखडतो.

विदर्भातील मे महिन्यात, हवेचाच पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा, उन्हात उभ्या गाडीतील पॅक त्याहूनही तापू शकतो. अशी गाडी घरी आणताच चार्जरला न जोडता सावलीत निवू द्यावी आणि चार्जिंग सकाळी लवकर उरकावे, हा उपाय बिनखर्चाचा आहे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर बॅटरी निम्म्याच्या आसपास भरून ठेवावी. पूर्ण रिकामी ठेवल्यास सेलमधील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि असा सेल पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो.

पावसाळ्यात लक्ष द्यावे लागते ते कनेक्टरकडे आणि चाकाकडे. मोटर चाकातच बसवलेली असल्यास तीन जाड आणि काही बारीक वायरी आसाच्या पोकळीतून बाहेर येतात. पंक्चर काढताना कनेक्टर न सोडवता चाक ओढले, किंवा नंतर आसाचे नट पुरेसे आवळले नाहीत, तर आस जागच्या जागी फिरून या वायरी पिळवटतात. जोरदार पाण्याचा फवारा मारून धुतल्यास ओलावा कनेक्टरमध्ये आणि बेअरिंगमध्ये शिरतो. ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे असते.

भारतात २०२२ मध्ये दुचाकींना आगी लागण्याच्या घटना घडल्यानंतर एआयएस-१५६ या सुरक्षा-मानकातील सुधारित तरतुदी १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. २०२२ मध्येच आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. त्यामुळे निकामी पॅक भंगारवाल्याकडे न देता विक्रेत्याकडे परत द्यावा, आणि रेंज वाढवण्यासाठी बीएमएस वगळून पॅक थेट जोडून देणाऱ्या कारागिराकडे गाडी नेऊच नये. जुनी ई-दुचाकी घेताना किलोमीटरच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा गटवार व्होल्टेजची नोंद मागावी; ती मिळत नसेल, तर नव्या बॅटरीची किंमत वजा करूनच सौदा ठरवावा.