पडदा लहान असो वा मोठा, दालनाची वाट एकच हवी

म्हैसूर येथील केंद्रीय भारतीय भाषा संस्थेने उभारलेल्या ‘भारतवाणी’ या बहुभाषिक ज्ञान-संकेतस्थळाचे उद्घाटन २५ मे २०१६ रोजी झाले. प्रारंभी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषा आणि पुढे शंभराहून अधिक भाषा, असे उद्दिष्ट या प्रकल्पापुढे ठेवण्यात आले. पाठ्यपुस्तके, ज्ञानकोश, शब्दकोश, भाषाशिक्षण, बहुमाध्यमे आणि माहिती तंत्रज्ञान अशी सहा दालने त्यासाठी आखण्यात आली.

एवढा मोठा संग्रह वाचकांपर्यंत पोहोचवायचा, तर केवळ मजकूर जमवून भागत नाही. सहा दालने आणि प्रत्येकात २२ भाषा, असा हिशेब मांडला तरी १३२ वाटा होतात. संगणकाच्या रुंद पडद्यावर त्या ओळीने मांडता येतात. तळहातावरच्या मोबाईलवर मात्र त्यांना जागा पुरत नाही. एकच ॲप दोन्हीकडे चालवायचे असेल, तर त्यातील मार्गदर्शक सूचीची, म्हणजेच मेनूची, रचना कशी असावी, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

रुंदीनुसार बदलणारी मांडणी

मोबाईलसाठी एक आणि संगणकासाठी दुसरे, अशी दोन वेगळी संकेतस्थळे तयार करण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. अमेरिकी संरचनाकार ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये एका लेखाद्वारे निराळा विचार मांडला. मजकूर एकच ठेवावा आणि पडद्याच्या रुंदीनुसार त्याची मांडणी आपोआप बदलावी, असे त्याचे सूत्र होते. ‘रिस्पॉन्सिव्ह’, म्हणजेच प्रतिसादी रचना, हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

एकाच आज्ञावलीतून अनेक प्रणालींसाठी ॲप तयार करणाऱ्या साधनांनीही पुढे हेच सूत्र स्वीकारले. गूगलच्या ‘फ्लटर’ या साधनाची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. मे २०२२ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून अँड्रॉइड, आयओएस, वेब, विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स अशा सहाही ठिकाणी त्यातून ॲप तयार करणे शक्य झाले.

यासाठी गूगलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘डीपी’ या एककात रुंदीच्या पायऱ्या दिलेल्या आहेत. ६०० डीपीपेक्षा अरुंद पडद्यावर प्रमुख दालनांची पट्टी तळाशी असावी आणि तीत तीन ते पाच दालने असावीत. ६०० ते ८३९ डीपी रुंदीत तीच दालने कडेच्या उभ्या पट्टीत यावीत. ८४० डीपी आणि त्याहून अधिक रुंदी असल्यास कडेला नावांसह प्रशस्त सूची कायम उघडी ठेवता येते.

येथे उपकरणाचे नाव नव्हे, तर खिडकीची रुंदी निर्णायक असते. संगणकावरही वापरकर्ता ॲपची खिडकी आक्रसून बाजूला ठेवू शकतो. टॅबलेटवर पडदा दुभागता येतो. घडीचा मोबाईल उघडताच त्याची रुंदी वाढते. अशा वेळी मेनूची जागा बदलली तरी वाचकाची जागा बदलता कामा नये. मराठी शब्दकोशात एखादा शब्द पाहत असलेली व्यक्ती पडदा आडवा करताच पुन्हा मुख्यपृष्ठावर फेकली गेली, तर ती रचना सदोष मानावी लागेल. दालनांची नावे आणि क्रमही सर्वत्र तेच राहणे आवश्यक आहे.

तीन रेघांचा मोह

जागा वाचवण्यासाठी सर्व दालने तीन आडव्या रेघांच्या चिन्हामागे लपवण्याचा उपाय सर्रास योजला जातो. हे चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी १९८१ मध्ये आलेल्या ‘झेरॉक्स स्टार’ या संगणकासाठी रेखाटले होते. मात्र लपवलेली सूची अनेकांच्या लक्षातच येत नाही. अमेरिकेतील नील्सन नॉर्मन ग्रुपने २०१६ मध्ये १७९ व्यक्तींच्या चाचणीतून हेच दाखवून दिले. दिसणाऱ्या मेनूच्या तुलनेत लपवलेल्या मेनूचा वापर मोबाईल आणि संगणक या दोन्हींवर कमी झाला आणि काम पूर्ण करण्यास वेळही अधिक लागला.

त्यामुळे रोज लागणारी चार-पाच दालने डोळ्यांसमोर ठेवावीत आणि उरलेलीच ‘अधिक’ या नावाखाली न्यावीत. सहापैकी कोणती दालने पुढे ठेवायची, हा निर्णय वाचकाच्या गरजेवरून घ्यावा लागतो. बोटाने दाबायची जागाही पुरेशी मोठी हवी. अँड्रॉइडच्या सूचनांनुसार ती किमान ४८ डीपी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर असावी. संगणकावर माऊसबरोबरच केवळ कळफलकाच्या साहाय्यानेही प्रत्येक दालनापर्यंत पोहोचता आले पाहिजे.

भारतीय भाषांची कसोटी

इंग्रजी शब्द डोळ्यांसमोर ठेवून आखलेला मेनू भारतीय भाषांना जसाच्या तसा लागू पडत नाही. ‘होम’ या छोट्या शब्दाच्या जागी ‘मुख्यपृष्ठ’ लिहावे लागते. देवनागरीत मात्रा आणि अनुस्वार वर, तर उकार खाली येतात. ओळीची उंची अपुरी असल्यास ते कापले जातात आणि शब्दाचा अर्थच बदलतो. ‘पाठ्यपुस्तके’ हा शब्द अर्ध्यावर तोडून पुढे टिंबे दिल्यास वाचकाला काहीच बोध होत नाही.

लिपीची दिशा हा आणखी एक मुद्दा आहे. उर्दू तसेच अरबी-फारसी लिपीत लिहिली जाणारी काश्मिरी आणि सिंधी उजवीकडून डावीकडे वाचली जाते. त्या भाषा निवडल्यावर कडेची पट्टी उजवीकडे यावी आणि ‘मागे’ या बाणाची दिशाही उलटावी.

भाषा निवडण्याची सोय तर सर्वांत आधी दिसली पाहिजे. प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतःच्या लिपीत असावे. केवळ मराठी वाचता येणाऱ्या व्यक्तीला ‘मराठी’ हा पर्याय शोधण्यासाठी आधी इंग्रजी मेनू उलगडावा लागत असेल, तर मूळ हेतूच फसतो. मजकूर उपलब्ध असूनही त्या वाचकासाठी तो नसल्यासारखाच राहतो.

दृष्टिदोष असलेल्या वाचकांनी अक्षरांचा आकार वाढवल्यावरही मेनू टिकून राहणे गरजेचे आहे. शासकीय संकेतस्थळांसाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. २०२३ मधील तिसऱ्या आवृत्तीत ॲपचाही समावेश असून, सर्वांना वापरता येण्याजोग्या रचनेवर त्यात भर देण्यात आला आहे.

एखादे ॲप या कसोटीला उतरते का, हे सामान्य वाचकालाही पाहता येते. खिडकी अरुंद करावी, मोबाईल आडवा धरावा, अक्षरे मोठी करावीत आणि भाषा बदलावी. या चारही वेळी आपण कोठे आहोत आणि पुढे कोठे जाता येईल, हे विनासायास कळत असेल, तर मेनूची रचना योग्य आहे असे समजावे.