डॉक्टरकी बाजूला ठेवून महाराष्ट्राला हसवणारा सूत्रधार : निलेश साबळेंना हे सगळं जमलं कसं?

सोमवार-मंगळवारी रात्रीचे साडेनऊ वाजले की महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांमध्ये टीव्हीसमोर ताटं मांडली जायची. हिंगोली, वसमत, कळमनुरी असो नाहीतर मुंबई-पुणे, पडद्यावरून एकच प्रश्न यायचा, "हसताय ना?" आणि उत्तरही तोच माणूस द्यायचा, "हसायलाच पाहिजे!"

हा माणूस म्हणजे डॉ. निलेश साबळे. 'चला हवा येऊ द्या' हा कार्यक्रम 18 ऑगस्ट 2014 ला झी मराठीवर सुरू झाला आणि मार्च 2024 मध्ये त्याने निरोप घेतला. मराठी टीव्हीवर विनोदी कार्यक्रम अनेक आले आणि गेले, पण जवळपास दहा वर्षं टिकणं ही साधी गोष्ट नाही.

नावापुढचं डॉक्टर खरं आहे का?

अनेकांना वाटतं, ही 'डॉक्टर' पदवी विनोदासाठीच लावली असेल. तसं नाही. साबळे आयुर्वेदाचे डॉक्टर आहेत. मूळचे पुणे जिल्ह्यातल्या सासवडचे. आचार्य अत्र्यांचं जन्मगाव कोडीत याच सासवडजवळ. म्हणजे विनोदाचं पाणी त्या मातीत आधीपासून होतंच म्हणायचं.

दवाखाना की स्टेज, या प्रश्नाचं उत्तर मिळालं झी मराठीच्या 'महाराष्ट्राचा सुपरस्टार' या अभिनयाच्या स्पर्धेतून. तिच्या पहिल्याच पर्वात साबळे विजेते ठरले. याच स्पर्धेत आणखी एक तरुण होता, अभिजीत खांडकेकर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते परत येणार आहे.

स्पर्धा जिंकल्यावर साबळे 'फू बाई फू' या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक झाले. स्किट कसं बांधायचं, पंच कुठं पडतो, पडलेला पंच सावरायचा कसा, हे रोज जवळून बघायला मिळालं.

मग 'चला हवा येऊ द्या' मध्ये वेगळं काय होतं?

सूत्रसंचालक म्हटलं की आपल्याला वाटतं, हातात कार्ड घेऊन पाहुण्यांची नावं वाचणारा माणूस. साबळेंचं काम तेवढंच नव्हतं. ते लिहायचे, दिग्दर्शन करायचे, सूत्रं सांभाळायचे आणि गरज पडली की स्वतः नक्कल करायला उभे राहायचे.

शिवाय हाताखालची टीम एकसारखी नव्हती. भाऊ कदमांचा विनोद चेहऱ्यावर चालायचा. भारत गणेशपुरे तोंड उघडले की अस्सल वऱ्हाडी. कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे यांचा प्रत्येकाचा सूर निराळा. या सगळ्यांना एका थुकरटवाडीत नांदवायचं, समोर बसलेल्या पाहुण्याला चिमटा काढायचा आणि तो दुखावणार नाही हेही बघायचं. सिनेमाच्या प्रमोशनसाठी शाहरुख खानसारखा स्टार आला, तरी त्याला मराठी विनोदात ओढून घ्यायचं काम सूत्रधाराचंच.

त्यातच मध्येच पोस्टमन यायचा. सागर कारंडे पत्र वाचायचे आणि हसणारं घर एकदम गप्प व्हायचं. ही पत्रं लिहायचे अरविंद जगताप, मराठवाड्यातल्या बीडचे. शेतकरी, म्हातारे आईबाप, शाळा, दुष्काळ असे विषय त्यामुळे विनोदी कार्यक्रमात आले. हसू आणि डोळ्यातलं पाणी एकाच तासात बसवायचं म्हणजे सूत्रधाराला गाडीचा गिअर अलगद बदलता यायला हवा.

ही कला टीव्हीनं शोधली का?

अजिबात नाही. हिंगोलीकरांना तर हे सांगायलाच नको. संत नामदेवांचं जन्मस्थान मानलं जाणारं नर्सी याच जिल्ह्यात आहे आणि कीर्तनाच्या परंपरेत नामदेवांचं स्थान पहिल्या रांगेतलं. चांगला कीर्तनकार काय करतो? गातो, गोष्ट सांगतो, आवाज बदलून पात्रं उभी करतो, हसवतो आणि हसता हसता एखादी गोष्ट मनाला लावून जातो. तमाशातला सोंगाड्या तर समोर पाटील बसलाय की फौजदार, हे न बघता टपली मारतो.

फरक एवढाच की कीर्तनकाराला समोरचे चेहरे दिसतात. टीव्हीवर एकच विनोद हिंगोलीच्या शेतकऱ्याला आणि मुंबईच्या नोकरदाराला एकाच वेळी कळावा लागतो.

सगळं गोडच होतं का?

नाही. 2020 मध्ये राजर्षी शाहू महाराज आणि सयाजीराव गायकवाड यांच्या फोटोत फेरफार करून तो कार्यक्रमात वापरल्याचा वाद झाला. साबळेंना माफी मागावी लागली. 2021 मध्ये दिवाळीच्या भागातल्या एका पात्रावरून नारायण राणे समर्थक नाराज झाले, तेव्हा साबळेंनी राणेंची भेट घेऊन दिलगिरी व्यक्त केली. लिहिणारा, बसवणारा आणि समोर उभा राहणारा एकच असला की टाळ्याही त्याच्या आणि शिव्याही त्याच्याच.

निरोपानंतर काय झालं?

एप्रिल 2024 मध्ये साबळे कलर्स मराठीवर 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' घेऊन आले. नाव त्यांच्याच गाजलेल्या वाक्याचं, सोबत भाऊ कदम आणि ओंकार भोजने. पण हा कार्यक्रम काही महिन्यांतच थांबला.

इकडे 2025 मध्ये 'चला हवा येऊ द्या' परत सुरू झाला, मात्र साबळेंशिवाय. सूत्रसंचालक कोण? तेच अभिजीत खांडकेकर. एकाच स्पर्धेतून आलेले दोघे, पंधरा वर्षांनी एकाच खुर्चीपाशी पोचले. सोशल मीडियावर 'साबळे हवेत' विरुद्ध 'नव्याला संधी द्या' असा सामना रंगला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक मुद्दा कळतो. गाजलेलं वाक्य सोबत नेता येतं, पण दहा वर्षांत जमलेली टीम, लेखन आणि रात्री साडेनऊची सवय उचलून दुसऱ्या चॅनेलवर नेता येत नाही. आणि उलट, कार्यक्रमाचं नाव तेच ठेवलं तरी लोक जुना आवाज शोधत राहतात.

आज सेनगाव किंवा औंढ्याचं पोरगंही मोबाईलवर रील करून हजारो लोकांना हसवू शकतं. मुंबई गाठायची सक्ती राहिलेली नाही. पण तीस सेकंद हसवणं वेगळं आणि दहा वर्षं हसवणं वेगळं. त्यासाठी लिहिता यावं लागतं, दुसऱ्याच्या विनोदाला जागा द्यावी लागते आणि चुकलं तर पुढे होऊन माफीही मागावी लागते.