बैठकीला बोलवा एक त्रयस्थ ताई

आज आपण बैठकीतल्या बोलण्याबद्दल बोलणार आहोत.

आपल्या बचत गटाची मागची बैठक आठवून पाहा. हप्ते गोळा झाले, वहीत आकडे पडले आणि कर्जाचा विषय निघाला. दोघी-तिघी बोलल्या, बाकीच्या ऐकत राहिल्या. "सगळ्यांना मान्य आहे ना?" असं विचारलं, तेव्हा सगळ्या "हो" म्हणाल्या. सह्या-अंगठे झाले. खरी चर्चा सुरू झाली ती नंतर, हापशावर. "मला पटलंच नव्हतं गं, पण बोलू कशी? अध्यक्ष माझी चुलत जाऊ लागते."

असं का होतं? गावात प्रत्येकीचं प्रत्येकीशी काही ना काही नातं असतं. कोणी सासू, कोणी जाऊ, कोणाकडून पेरणीला उसने पैसे घेतलेले. त्यात आपल्या माहूर-किनवट भागात कोणाची बोली गोंडी, कोणाची कोलामी, कोणाची गोरमाटी. चारचौघींत मराठी बोलायला काही जणी बिचकतात. मग जिला बोलता येतं, तिचंच मत गटाचं मत ठरतं.

यावर एक साधा उपाय आहे. बैठक चालवायला आपल्यातली नव्हे, दुसऱ्या गावातली ताई बोलवायची. जी या बाजूची नाही आणि त्या बाजूचीही नाही, ती तिसरी, म्हणजे त्रयस्थ.

एका गटात कर्ज आधी कोणाला द्यायचं यावरून दोन महिने धुसफुस चालली होती. शेवटी शेजारच्या गावातल्या गटाची सचिव बैठक चालवायला आली. तिने सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, "तुम्ही आजवर कर्ज मागितलं का? नसेल, तर का नाही?" चौघींनी कधीच मागितलं नव्हतं. त्या दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. चार-पाच महिने हप्ता थकतो, म्हणून कर्ज मागायचा आपल्याला हक्कच नाही, असं त्या धरून चालल्या होत्या. गटात त्यांना कोणी तसं म्हटलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं. भांडण होतं कर्जाच्या क्रमाचं, आणि चौघी तर त्या रांगेतच नव्हत्या! पुढच्या बैठकीत गटाने ठरवलं की ऊसतोडीला जाणाऱ्यांनी हप्ते उचल मिळाल्यावर एकदम भरावेत किंवा परत आल्यावर. त्यांचा कर्जाचा हक्क कायम राहील.

ही रीत नवी नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. कामाचे हिशेब गावासमोर वाचले गेले आणि मजुरांनी आपलं खरंखोटं सांगितलं. अशा सुनावण्यांना बाहेरची, तटस्थ माणसंही बसवत. पुढे रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात सामाजिक लेखापरीक्षण आलं. त्याच्या 2011 च्या नियमांत लिहिलं होतं की एखाद्या ग्रामपंचायतीच्या तपासणीला मदत करणारी व्यक्ती त्याच ग्रामपंचायतीची रहिवासी नसावी. कारण तेच, गावचा माणूस गावच्या माणसाला अडचणीचे प्रश्न विचारताना अडखळतो.

आपल्या महाराष्ट्रात दारूच्या दुकानाविरुद्ध आडव्या बाटलीचं मतदान होतं, ते तर तुम्हाला माहीतच आहे. तेही गुप्त असतं, आणि सरकारी अधिकारी घेतात. हात वर करायला सांगितलं असतं तर घरी काय होईल या धास्तीने कितीतरी हात खालीच राहिले असते.

पण इथे एक धोकाही आहे. बाहेरून आलेली ताई हुशार असली की आपण तिच्याच तोंडाकडे पाहू लागतो. "ताई, तुम्हीच सांगा काय करायचं." तसं झालं तर आपण एका अध्यक्षाऐवजी दुसरी अध्यक्ष आणली, इतकंच. याबाबतीत गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाकडून शिकावं. तिथे देवाजी तोफांसारखी गावची जाणती माणसं आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे मित्र अभ्यास गटात एकत्र बसत. कायदा समजून घेत, वाद घालत. निर्णय मात्र गावाची ग्रामसभाच करी, तोही सर्वांच्या संमतीने. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्याच गावाची. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बाहेरच्यांची मदत घेतली, पण निर्णय गावाच्याच हातात ठेवला.

आता हे करायचं कसं, ते सांगतो.

आधी ताई निवडा. ती आपल्या गटातल्या कोणाची नातेवाईक नसावी. तिचं आपल्याशी देणंघेणं नसावं. कर्ज देणाऱ्या कंपनीची किंवा निवडणुकीला उभी राहणारी तर नकोच. आपली बोली तिला समजावी. सगळ्यात सोपं म्हणजे शेजारच्या गावातल्या गटाशी बोलून ठेवावं, आज तुमची ताई आमच्याकडे, पुढच्या महिन्यात आमची तुमच्याकडे. खर्च चहापाण्याचा. दर वेळी तीच ताई नको, बदलत राहावी.

बैठकीआधी तिला प्रश्न एका वाक्यात सांगा. कोण बरोबर, कोण चूक, हे तिच्या कानावर घालू नका.

बैठकीत सगळ्या गोल बसा. प्रत्येकीने एकदा बोलल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. ज्या कमी बोलतात त्यांच्यापासून सुरुवात करा. अध्यक्ष आणि सचिव शेवटी. ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत बोला. प्रत्येकीचं झालं की त्रयस्थ ताई ते आपल्या शब्दांत परत सांगेल आणि विचारेल, "असंच म्हणायचंय ना?" कोणी कोणाच्या घरच्या गोष्टी काढल्या, तर तिथेच थांबवणं हे तिचं काम.

विषय नाजूक असेल तर दाण्यांनी मत घ्या. प्रत्येकीला एक तुरीचा आणि एक हरभऱ्याचा दाणा द्यायचा. तूर म्हणजे हो, हरभरा म्हणजे नाही. हवा तो दाणा मुठीत झाकून तोंड झाकलेल्या मडक्यात टाकायचा, उरलेला पिशवीत. लिहिता न येणारीलाही हे जमतं. दाणे त्रयस्थ ताई सगळ्यांसमोर मोजेल.

मोजून झालं की तिचं काम संपलं. ठराव आपण करायचा, वहीत आपल्या सचिवाने लिहायचा आणि सगळ्यांना वाचून दाखवायचा. वही, पासबुक, शिक्के तिच्याबरोबर जायचे नाहीत. ऐकलेली गोष्टही तिने आपल्या गावी न्यायची नाही. हे आधीच सांगून ठेवा, त्यात संकोच नको.

सगळंच काही बैठकीत सुटत नाही. पैशाची अफरातफर वाटत असेल तर हिशेब तपासून घ्या, चर्चेने आकडे जुळत नाहीत. घरात मारहाण होत असेल तर तो विषय दाणे टाकून ठरवायचा नसतो. त्यासाठी 181 ही महिला मदतवाहिनी आहे, तातडीला 112 आहे.

जाता जाता एक आठवण. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. ती पुष्कळदा सह्यांपुरती होते. येत्या वेळी दवंडीची वाट पाहू नका. ग्रामपंचायतीत तारीख विचारा, शेजारच्या गावातली एक ताई बोलवा, आणि पाण्याचा, रस्त्याचा, दारूचा जो विषय हापशावर बोलता तो तिथे मांडा. काय झालं ते आम्हाला जरूर कळवा.