रिकाम्या ऋतूंतील नाव

नाव वर्षांतून केव्हां विसांवते, असें कोंकणांतील माणसास विचारलें, तर तो पावसाळ्याकडे बोट दाखवील. ज्येष्ठांत दर्या खवळूं लागला, कीं होड्या किनाऱ्यावर ओढून घ्याव्या, त्यांवर माडाच्या झापांचें छप्पर घालावें आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहावी, हा तिकडील जुना परिपाठ आहे. आज तर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदीच असते. युरोपच्या उत्तर भागांत हाच प्रश्न केला, तर हिवाळा हें उत्तर येईल. तेथें पाणी गोठतें. गोठतांना तें सुमारें ९ टक्क्यांनीं फुगतें, आणि यंत्रांत उरलेलें ओंजळभर पाणीहि त्याचें बिडाचें कवच फोडून टाकतें.

खानदेशांतील तापीची गोष्ट या दोहोंहून निराळी. येथें नावेचें मुख्य काम पावसाळ्यांतच. पूल थोडे होते त्या काळीं आषाढ-श्रावणांत दुथडी भरलेली नदी ओलांडावयाची, तर नावेवांचून गति नसे. दिवाळीनंतर पाणी ओसरे, ठिकठिकाणचे उतार मोकळे होत, बैलगाड्या पात्रांतूनच पलीकडे जात, आणि नावाड्याची नाव वाळूवर बसे ती मृगापर्यंत. म्हणजे हिवाळा व उन्हाळा मिळून सहा-सात महिने ती रिकामी. धुळ्याची थंडी बोचरी खरी. पारा कधीं कधीं ६ अंशांच्याहि खालीं जातो. पण तेवढ्यानें तापी गोठत नाहीं. नावेला धास्ती आहे ती त्या थंडीबरोबर येणाऱ्या कोरड्या हवेची, आणि मागून तळपणाऱ्या जळगांव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हाची.

लांकूड एकदां वाळलें म्हणजे कायमचें एका मापांत स्थिर झालें, अशी समजूत पुष्कळांची असते. ती खरी नाहीं. लांकूड हवेंतील ओलावा सतत घेत व टाकीत असतें. चौमासांत घराचीं दारें अडकतात आणि माघांत तींच सैल होतात, हा अनुभव कोणास नाहीं? पुरत्या भिजलेल्या फळीच्या तंतूंत तिच्या कोरड्या वजनाच्या सुमारें ३० टक्के पाणी मुरलेलें असतें. तें याहून कमी होऊं लागलें, कीं फळी आटूं लागते. लांबींत हें आटणें नगण्य असतें. रुंदींत मात्र तें स्पष्ट दिसतें. सागवान या बाबतींत मोठें गुणी, म्हणूनच नौकांच्या कामांत त्याला मान आहे. तरीहि फूटभर रुंदीची सागवानी फळी नदींतून निघून वैशाखाच्या झळांत पुरी वाळली, तर पाव इंचाहून अधिक आटूं शकते. एका बाजूला अशा आठ-दहा फळ्या असल्या, म्हणजे सांध्यासांध्यांतून उजेड दिसूं लागतो. त्यांत ऊन एकाच अंगावर पडत असेल, तर तें अंग आधीं वाळतें, दुसरें ओलें राहतें; फळी वाकते, खिळे ढिले होतात, आणि टोंकांना चिरा पडतात.

यावर पहिला उपाय सावलीचा. लहान होडी ठोकळ्यांवर पालथी घालावी, मोठीला तळाच्या मुख्य लांकडाखालीं ठिकठिकाणीं सारखा आधार द्यावा. दोनच टोंकांवर तोललेली नाव स्वतःच्या भारानेंच मध्यें खचते. छप्पर असें असावें, कीं ऊन अडेल पण वारा खेळेल. खानदेशांत कापसाच्या पऱ्हाट्या हाताशीं असतात खऱ्या. पण त्या नावेला टेकवून रचणें म्हणजे वाळवीला घरचें आमंत्रण देणें होय. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाहीं. पण नावेंत सगळें लांकूड गाभ्याचेंच असतें असें थोडेंच! अंगाला जवसाचें तेल द्यावें. तेल ओलावा अडवीत नाहीं, त्याचें येणें-जाणें सावकाश करतें. आणि सावकाश वाळलेलें लांकूड चिरत नाहीं. भर उन्हाळ्यांत आंतून ओलीं गोणपाटें अंथरण्याची युक्तीहि चांगली आहे, मात्र तीं रोज भिजविलीं पाहिजेत. आज ओलें, उद्यां कोरडें, हा खेळ सर्वांत घातक.

दुसरा उपाय ऐकावयास चमत्कारिक वाटेल. डोहांत खोल पाणी टिकत असेल, तर दगड भरून नाव तेथें बुडवूनच ठेवावी. लांकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओल व हवा दोन्ही लागतात. पाण्याखालीं हवा मिळत नाहीं, म्हणून पूर्ण बुडालेली नाव टिकते, आणि अर्धी बुडालेली पाण्याच्या रेघेवर कुजते. गोड्या पाण्याची ही सवलत समुद्रांत नाहीं. तेथें लांकूड पोखरणारे शिंपल्याच्या जातीचे प्राणी बुडालेल्या नावेची चाळण करून टाकतील.

खरा प्रमाद मृगाच्या तोंडावर घडतो. पाऊस जवळ आला, उतारू येणार, म्हणून उघडलेल्या सांध्यांत कापूस व राळ ठोकठोकून भरली जाते. नाव पाण्यांत गेली, कीं फळ्या फुगतात. त्यांना सरकावयास जागा उरलेली नसते. मग त्या एकमेकींना रेटून खिळे उपटतात, आंतल्या वांकांना तडे देतात. आणि हें सारें कळतें कधीं, तर पहिल्या पुरांत, पंचवीस माणसें वर बसलेलीं असतांना. म्हणून आधीं नाव उथळ पाण्यांत कांहीं दिवस फुगूं द्यावी. ती आंत भरेल, भरूं द्यावी. फळ्या मिटल्यावर जेथें पाणी झिरपतच राहील, तेवढेच सांधे भरावे, तेहि हलक्या हातानें.

आतां तापीचें रूप पालटलें आहे. १९८२ मध्यें हतनूरचें धरण पुरें झालें, तेव्हांपासून चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमावर बारमाही पाणी असतें. धुळे जिल्ह्यांत सुलवाड्याच्या बंधाऱ्यानेंहि पात्रांत सांठा राहतो. लांकडाची जागा लोखंड व फायबर यांनीं घेतली. लोखंड पाण्याच्या रेघेवर गंजतें, फायबरचा वरचा थर उन्हानें पिठाळतो. सावलीची गरज दोघांनाहि आहेच. धरणाचें पाणी उतरतें, त्याबरोबर आंखूड दोरानें बांधलेली होडी एका अंगावर लटकते. दोर लांब ठेवून आठवड्याला पाहणी करणें अवश्य. अर्थात् नाव कितीहि नीट राखली, तरी अतिभारावर तो इलाज नव्हे. २०१९ च्या मकरसंक्रांतीला नंदुरबार जिल्ह्यांत भूषा येथें नर्मदेच्या पाण्यांत माणसांनीं भरलेली नाव उलटली व कित्येकांचे प्राण गेले.

लांकडी नाव फुगून मिटल्यावर एक परीक्षा कांठावरच करतां येते. तिला ठोकळ्यांवर उचलून आंत वीतभर पाणी भरावें, बाहेरून अंग पुसून कोरडें करावें, आणि थोड्या वेळानें खालून हात फिरवावा. ओल लागेल तेथें खडूनें खूण करावी, पाणी काढावें आणि तेवढीच जागा दुरुस्त करावी. लोखंडी होडीलाहि हीच परीक्षा चालते; फक्त पाणी बेतानें भरावें, कारण त्याचा भार ठोकळ्यांवर येतो.