डोळा पाहतो कीं मेंदू?

आमच्या बालवाचकांनीं प्रथम एक लहानसा प्रयोग करून पाहावा. पांढऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढावी व तिच्या उजवीकडे ३ इंचांवर वाटाण्याएवढा काळा ठिपका काढावा. डावा डोळा मिटून उजव्या डोळ्यानें फुलीकडेच टक लावावी आणि कागद हळूहळू जवळ आणावा. सुमारें ११ इंचांवर येतांच ठिपका अदृश्य होतो! ज्ञानतंतूंची जुडी डोळ्यांतून जेथें बाहेर पडते, त्या जागेस प्रकाश मुळींच कळत नाहीं. हें अंधस्थान फ्रान्समधील शास्त्रज्ञ मारियॉत ह्यांनीं सतराव्या शतकांत दाखवून दिलें.

मग आपल्या दृष्टीस नेहमीं भोंक कां दिसत नाहीं? एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. आणि एकच डोळा उघडा असतां आजूबाजूच्या रंगावरून मेंदू ती जागा रंगवितो. डोळ्याच्या आंतील पडद्यावर चित्र उलटें पडतें, असें केप्लरनें १६०४ सालीं दाखविलें. त्याची वार्ता दहा लाखांच्या आसपास तंतूंवाटे मेंदूच्या मागील भागास पोहोंचते व तेथें तिचा अर्थ लागतो. दोन डोळ्यांचीं चित्रें किंचित् निरनिराळीं असतात. त्या भेदावरून मेंदू अंतर जोखतो. एक डोळा मिटून सुईंत दोरा ओंवूं गेल्यास ह्याची खात्री पटेल.

ही विद्या मेंदूस अभ्यासानेंच येते. लंडनचे शस्त्रवैद्य चेसेल्डन ह्यांनीं १७२८ सालीं एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. अगदीं लहानपणापासून अंध असलेल्या ह्या मुलाच्या मोतीबिंदूंवर तेराव्या-चौदाव्या वर्षीं शस्त्रक्रिया करण्यांत आली. प्रकाश आला, परंतु सर्व वस्तु डोळ्यांस चिकटल्यासारख्या त्यास वाटत. कुत्रें कोणतें व मांजर कोणतें, हें त्यास नजरेनें ओळखतां येईना. शेवटीं मांजर उचलून, हातांनीं चांचपून, मग त्यानें तें नीट न्याहाळलें. तेव्हां ओळख पटली.

ह्यांत पालकांनीं घेण्यासारखा बोध आहे. मुलाचा एक डोळा तिरळा असला, किंवा एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याहून फार निराळा असला, तर मेंदू त्या डोळ्याच्या वार्तेकडे दुर्लक्ष करूं लागतो. डोळा बाहेरून निर्दोष दिसूं शकतो. मूलही तक्रार करीत नाहीं, कारण निराळें दिसणें त्यास ठाऊकच नसतें. नेत्रवैद्य योग्य चष्मा देतात व चांगल्या डोळ्यावर रोज कांहीं तास पट्टी बांधवून दुर्बळ डोळ्यास कामास लावतात. सात वर्षांच्या आंत ह्याचा गुण विशेष येतो. पुढें मेंदूची संवय मोडणें कठीण होत जातें, तरी मोठ्या मुलांनाही कांहीं लाभ होऊं शकतो.

म्हणून मुलाचा एकेक डोळा झांकून भिंतीवरील कॅलेंडराचे आंकडे त्यास दुरून वाचावयास लावावे. दोहोंत फरक आढळल्यास विलंब न लावतां नेत्रवैद्याकडे जावें. न आढळला तरी शाळेंत घालण्यापूर्वीं एकदां तपासणी करवावी. चेंडू हातून सुटला म्हणून मुलास धांदरट म्हणण्यापूर्वीं एवढें तरी अवश्य करावें, अशी आमची विनंती आहे.